अधिकातलं वाण

"पाहुण्याले काय घेता म्हनून पुसू नोको, सुमेधा. पुसलं का थो नाईच म्हनते. त्याचं तोंड पाहून वळखाव, अन् समोर आनून ठेवाव."

बोरी अरबच्या आमच्या घरात आई चुलीकडे तोंड करून हे सांगायची. लग्न होऊन यवतमाळला आले तेव्हा तिच्या बाकीच्या पुष्कळ गोष्टी मागे राहिल्या, ही एवढी बरोबर आली. कोणाला चहा, कोणाला ताक, कोण नुसत्या पाण्यासाठी आलाय आणि तेही मागणार नाही, हे मी दारातूनच ओळखत आले. मला त्याचा थोडा गर्वही होता. व्रत पाळणाऱ्या बाईला जेवढा परवडतो तेवढा. पण त्या दुपारी लखीरामच्या दारूच्या दुकानातला धावजी मागच्या दाराने आला, तुळशीजवळच्या फरशीवर त्याने तीन बाटल्या ओळीने उभ्या केल्या, दुपट्ट्याने मान पुसली आणि म्हणाला, "बोला काकू, यातलं कोनतं वान देऊ?" तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला तो आईचा आवाज. तो तिथे यायला नको होता. बाटल्यांना थंडीचा घाम सुटला होता. बाहेर वैशाखाचं ऊन पांढरं झालेलं, तुळशीच्या मंजिऱ्या हात लावला तर चुरा व्हाव्यात अशा. आणि मी, सकाळी स्नानानंतर दिवा लावून होईपर्यंत पाणीसुद्धा न घेणारी बाई, त्या तीन बाटल्यांच्या तोंडांकडे बघत पाहुणा ओळखू पाहत होते.

धावजीने 'वाण' म्हटलं त्यात त्याची चूक नव्हती. लखीरामकडे जाण्याआधी तो आमच्याच कृषी केंद्रात पोती उचलायचा. तिथे उन्हाळा लागला की दिवसभर हा एकच शब्द. कोणतं वाण आलं, कोणतं वाण यंदा चालणार, गेल्या सालचं वाण काहून फुटलं नाही. आमच्या यांच्या तोंडी तो शब्द इतका गोड बसला आहे की ऐकणाऱ्याला वाटावं, हे बी विकत नाहीत, वाटतात. दरवर्षी पिशवी नवी, पिशवीवरचं बोंड गेल्या सालापेक्षा मोठं, आणि आतलं सरकीचं बी तेच, गुलाबी रंग लावलेलं. बोंडअळी आली की हे म्हणतात, वाण चांगलं होतं, फवारणी चुकली. पाऊस गेला की म्हणतात, वाण चांगलं होतं, जमीन हलकी होती. केंद्र उघडल्यापासूनची बावीस वर्षं मी हे पलीकडच्या खोलीतून ऐकते आहे आणि त्या बावीस वर्षांत यांचं वाण एकदाही वाईट निघालेलं नाही. आमच्या घरात दुसरं वाण माझं. अधिक महिन्यात ताटात अनारसे मांडायचे, वर दिवा ठेवायचा, आणि लेक-जावयाला विष्णू-लक्ष्मी मानून ते हातात द्यायचं. एकाच छपराखाली एकच शब्द दोन माणसं दोन कामांना वापरत होतो आणि कधी अडखळलो नव्हतो. तिसरं काम त्याला धावजीने लावलं, आणि तोही हसत होता. "काकू, हे वाघाचं चित्र हाय ना, हे कडक. दोन घेतल्या का मानूस सासऱ्यालेच जावई म्हनते. हे घोड्याचं, मधातलं, ना कडक ना फिक्कं. अन् हे बिनचित्राचं लई फिक्कं. मोठे सायेब लोक घेतेत. त्याच्यात काईच नाई, नुसता रुबाब हाय."

आदल्या रात्रीच्या जेवणातच हे ठरलं होतं. ठरलं म्हणजे यांनी सांगितलं आणि मी जेवताना बोलत नाही, हे अधिकातलं माझं व्रत, म्हणून ते ठरलं. जावई, आमचा साकेत, बियाण्यांच्या कंपनीत पुण्याला असतो. लेकीला, शाल्मलीला, आणि त्याला धोंड्याचं जेवण म्हणून बोलावलं, तर यांनी त्याच बोलावण्यावर त्याच्या वरच्या साहेबांनाही बोलावून घेतलं. शाल्मलीला सुट्टी मिळाली नाही, जावई आणि साहेब मिळाले. लक्ष्मीशिवायच्या विष्णूला वाण द्यायचं की नाही हे मी गुरुजींना विचारून घेतलं. यांना त्याचं काही नव्हतं. नवं वाण जिल्ह्यात कोणाच्या हातून जायचं ते साहेब ठरवणार होते. "बीअर तर ठेवाच लागीन," हे म्हणाले. "गच्चीवर ठेवू. घरात नाही. गच्ची म्हणजे काही घर नव्हे." मी भात कालवत होते. "अन् मले त्यातलं काय समजते? मी त्या दुकानावर जाऊन उभा राह्यलो, तेही अधिकात, तर लोक काय म्हणतीन? धावजीले घरी पाठवाले सांगितलं लखीरामभाऊले. तूच पाह्य कोणती घ्यायची ते. जावयाची आवड सासूलेच माहीत राह्यते." एवढं बोलून यांनी ताकाचा भुरका मारला. कपाळाला सकाळचं गंध तसंच होतं. माणूस दुकानावर उभा राहिला तर पाप, बायको मागच्या दारात उभी राहिली तर पाहुणचार. हा हिशेब करायला यांना कधी कागद लागला नाही.

शाल्मलीला फोन करून विचारता आलं असतं. नाही केला. आईचा आवाज तेवढ्यापुरता हट्टाला पेटला असावा. पुसू नोको. मी साकेतचं तोंड आठवू लागले. लग्नाच्या पंगतीत त्याने श्रीखंडाची वाटी बाजूला सरकवली होती आणि कारल्याची भाजी दुसऱ्यांदा मागितली होती. चहात साखर नाही. कैरीच्या पन्ह्यात गूळ जास्त झाला तेव्हा काही बोलला नाही, पण पेला अर्धाच प्यायला. म्हणजे गोड नको, भडक नको, कडू चालेल, पण हलकं. मी बिनचित्राच्या बाटलीकडे बोट केलं. "हुश्शार!" धावजी म्हणाला, "काकू, तुमाले तं आमच्या गल्ल्यावर बसवाव लागते." तो गेला, आणि मला उमगलं की निवडताना मला मजा आली होती. देवासाठी फुलं निवडताना येते तशीच, कीड लागलेलं बाजूला टाकत, दांडी बघत. आपल्या अंगातला नीटनेटकेपणा किती हलक्या जातीचा असतो. त्याला कशावरही बसवा, तो कामाला लागतो.

पेटी आली तेव्हा फ्रिजमध्ये जागा करावी लागली. वरच्या कप्प्यात नैवेद्याचं दही, साय, देवाचं लोणी. तिथे काही जाणार नव्हतं. खालचे कप्पे बुटके, बाटल्या उभ्या मावेनात. मी दोडके आणि कोथिंबीर काढली आणि त्यांच्या जागी बाटल्या एकीवर एक आडव्या निजवल्या. मैनाबाई मागे भांडी पुसत उभी होती. आमच्याकडे ती शाल्मलीच्या जन्मापासून आहे, लखीरामच्या दुकानापलीकडच्या गल्लीत राहते. तिने वाकून आत बघितलं.

"आडव्या ठेवल्या का बाई?" ती म्हणाली. "बरं केलं. एक दिस आगुदर का होईना."

मी फ्रिजचं दार लावलं. तिच्या बोलण्यात टोमणा होता की नाही हे तिच्या तोंडावरून ओळखता येईना, आणि मी तर तोंड ओळखणारी. दुसऱ्या दिवशी आमच्या वॉर्डात मतदान होतं, फक्त बायांचं. लखीरामचं दुकान शाळेच्या भिंतीला लागून, राहावं की जावं यासाठी. मतपत्रिकेवर दोन चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी. वॉर्डातल्या निम्म्याहून जास्त बायांनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद. निम्म्याहून जास्त म्हणजे आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या सगळ्यांपैकी. जी घरी बसली ती आपोआप उभ्या बाटलीत मोजली जाणार. हे मला मैनाबाईनेच समजावलं होतं, महिन्याभरापूर्वी, ओट्याला टेकून, हातातला घासणीचा फेस तसाच ठेवून. तिची पोरगी नळावर जाताना शाळेची भिंत सोडून सगळ्या वस्तीला वळसा घालून जाते, कारण भिंतीवर बसलेले लोक तिच्या डोक्यावरच्या गुंडीवर खडे मारून पाणी किती आहे ते बघतात. "नुसते खडेच मारतेत बाई अजून," मैनाबाई म्हणाली होती. "आमच्या गल्लीतल्या बाया यायले भितेत. लखीरामचे मानसं दारातच उभे राह्यतीन म्हनते. तुमी एकडाव गल्लीत येजा, न् तिथून आमच्यासंगं चालजा. शेठाणी पुढं हाय म्हटल्यावर कोन काय बोलते? तुमी आल्या तं साऱ्या येतीन." मी तेव्हा पूजेची उपकरणी घासत होते. हातात समई होती. "येईन," म्हटलं. तिने समईकडे बघितलं, मग माझ्याकडे. हातात समई असताना दिलेला शब्द तिने पक्का धरला. मीही धरला होताच, पण एखाद्या कोनाड्यात ठेवून त्यावर रोज फूल वाहावं तसा. देवाचं कोणतंही काम असं कोनाड्यात ठेवता येतं, आणि ते मला फार चांगलं जमतं.

दिवेलागणीला साकेत आणि त्याचे साहेब आले. लखीरामही आला, त्याला यांनी का बोलावलं हे मी विचारलं नाही, तो बर्फाची पेटी घेऊनच आला होता. जिन्याकडे जाताना देवघरावरून जावं लागतं, तर यांनी दुपारीच तिथे पडदा टांगला होता. शाल्मलीच्या खोलीतला, मोरांचा. देवांना दिसू नये म्हणून. इतकी वर्षं मी ज्यांना सर्वसाक्षी म्हणून हात जोडते, ते मोरांच्या पडद्याने अडतात असं यांना वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मला यांच्या देवांची कीव आली, माझ्या नव्हे. मैनाबाई खाली भजी तळत होती. मी घाणे वर नेत होते आणि प्रत्येक फेरीत एकेक वाक्य ऐकू येत होतं, मध्ये जिन्याच्या पायऱ्यांएवढी शांतता. साहेब म्हणत होते, तुमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात फार वाईट कारणाने येतं, आता एक पॉझिटिव्ह स्टोरी पाहिजे. पुढच्या फेरीला हे म्हणत होते, वाण पॉझिटिव्हच आहे साहेब, लोकच निगेटिव्ह आहेत. त्याच्या पुढच्या फेरीला सगळे हसत होते, कशाला ते कळलं नाही. साहेबांनी कांदाभजी फोडून आतला कांदा बशीच्या कडेला काढून ठेवला होता. लखीराम 'वहिनी, वहिनी' करत ट्रे घ्यायला उठायचा आणि घ्यायचा नाही. कूलरमधून वाळ्याचा वास येत होता. वाळा आमच्याकडे देवाच्या पाण्यात घालतात.

मग यांनी वरून हाक मारली. "वाण वरच आण ग! साहेबांना पाह्यचं हाय आपलं कल्चर."

ताट मी सकाळीच मांडून ठेवलं होतं. तांब्याचं ताट, अनारसे, वर तुपाचा दिवा, त्यावर जाळीचा रुमाल. तांदूळ भिजवण्यापासून खसखशीवर थापण्यापर्यंत एकेका अनारशाला देवाचं नाव घेतलेलं, हे कोणाला सांगायचं नसतं. वाण खाली देवासमोर, जावयाला पाटावर बसवून द्यायचं. खाली पडदा होता. मी रुमाल काढून दिवा लावला आणि जिना चढले. हाताने ज्योत सांभाळत चढताना मला माझीच सावली भिंतीवर दिसली, ताट डोक्यावर घेतल्यासारखी, लग्नातल्या करवलीसारखी. गच्चीत आले तर कूलरचा झोत थेट ताटावर. ज्योत आडवी झाली. साहेबांनी मोबाइल वर केला आणि म्हणाले, "वाव, एक मिनिट काकू, अशाच थांबा." हे म्हणाले, "थांब ना जरा." साकेत उठला, भिंतीपर्यंत गेला आणि कूलरचं बटण बंद केलं. मग येऊन माझ्यासमोर खाली, गच्चीच्या तापलेल्या फरशीवर, मांडी घालून बसला. पाट नव्हता.

मी त्याला कुंकू लावलं, ताट हातात दिलं, नमस्कार केला. तो अवघडला, सासूचा नमस्कार घेताना जावई अवघडतातच. साहेबांनी वरचा अनारसा उचलला, उलटसुलट केला, आणि "ऑथेंटिक" म्हणाले. यांचा चेहरा असा उजळला की जणू त्यांचंच वाण पास झालं. त्या भरात यांनी पेला उंच धरला. यांच्या पेल्यात सोडा होता, पण उंच धरायला तेवढा पुरतो. "साहेब, तुम्ही मघापासून बीअरची तारीफ करून राह्यले ना? ती कोणी निवडली विचारा! आमच्या हिनं! तीन वाणं समोर ठेवले, हिनं बरोब्बर हेच उचललं. व्रतं-वैकल्यं करते, पण मन मॉडर्न हाय."

"काकूंच्या चॉइससाठी!" साहेब म्हणाले. काचेला काच लागली. दिव्याची ज्योत आता सरळ उभी होती.

लखीराम पुढे झुकला. त्याचा आवाज फार आदबशीर आहे, दुकानावर उभ्या मजुराशी तो कसा बोलतो ते मैनाबाईकडून ऐकलेलं असल्यामुळे तर जास्तच. "श्रीकृष्णभाऊ, मग उद्याचं मले टेन्शनच नाही. वहिनीच आपल्या बाजूनं. साऱ्या वॉर्डात सांगतो मी, अधिक महिन्यात शेठाणीनं स्वतः पसंत केली म्हणून." आणि माझ्याकडे वळून, "वहिनी, तुम्ही काहीच करू नका. उद्या नुसतं घरी बसा. एवढ्या उन्हात बाहेर कायले पडता? तुम्ही घरी बसल्या तेवढंच पुरे."

"सकाळी साहेबांचा नाश्ताच हाय," हे म्हणाले. "जाईल कुठं?"

माझ्या तोंडात शब्द आले नाहीत असं नव्हे. आले, आणि ते सगळे दुसऱ्या कोणाचे तरी होते, नळावरच्या बायांचे. मी कधी वर आवाज काढलेला नाही. आवाज न काढणाऱ्या बाईचं लोक कौतुक करतात, आणि त्या कौतुकात तिला कुठेही उभी करता येते, बाटलीसारखी. मी म्हणाले, "लखीरामभाऊ, अनारसा घ्या ना." त्याने घेतला. खसखस त्याच्या मिशीत अडकली आणि त्याला कोणी सांगितलं नाही, मीही नाही. त्याच्या त्या मिशीकडे, साहेबांच्या बशीतल्या कांद्याकडे, यांच्या सोड्याकडे मी आळीपाळीने बघत राहिले. किती स्वस्तात ही माणसं आनंदी होतात, आणि त्या आनंदाला माझं नाव लावतात.

तेव्हा मला साकेतचा पेला दिसला. त्यात पाणी होतं. त्याच्यापुढची बाटली उघडलेलीसुद्धा नव्हती. बाटलीचा घाम उतरून फरशीवर ओल आली होती.

"तुम्ही घेतली नाही?" मी खालच्या आवाजात विचारलं. "हलकी आहे म्हणे. कडवट."

"आई, मी घेत नाही," तो तितक्याच खालच्या आवाजात म्हणाला. "कधीच घेतली नाही. शाल्मलीला माहीत आहे."

"मग तुम्ही सांगायचं ना."

"मला कोणी विचारलंच नाही."

तो हसून म्हणाला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. मी ट्रे उचलून खाली आले. जिन्यात अंधार होता, आणि आईचा आवाज कुठूनच येईना. नाही तरी तिने कोणासाठी ओळखलं होतं? आमच्या दारी येणारे वडिलांचे पाहुणे. तिने ताक द्यावं, त्यांनी प्यावं, वडिलांनी 'घरातून आलं' म्हणावं. तिला स्वतःला काय हवं हे पुसलेलं मला आठवत नाही, ओळखलेलंही नाही. स्वयंपाकघरात मैनाबाईने शेवटचा घाणा काढला होता आणि गॅस बंद करून पदराने मान पुसत होती. वरचं सगळं जिन्यातून खाली ऐकू येतं. तिने ऐकलं असणार. तिने मला काही विचारलं नाही. उद्या येता ना, असंही नाही. हात धुतले, डबा घेतला आणि मागच्या दारात थांबून एवढंच म्हणाली, "हे अनारसे जावयालेच देतेत का बाई?" मी हो म्हटलं. "छान वास येते," ती म्हणाली आणि गेली.

पहाटे नेहमीसारखं स्नान झालं. देवघराचा पडदा मी काढला, घडी घातली, शाल्मलीच्या कपाटात ठेवला. अधिकात रोज उजाडताना देवळात दिवा नेऊन ठेवायचा, आणि तो ठेवेपर्यंत पाणी नाही, बोलणं नाही. हे घरात सगळ्यांना माहीत आहे. वाणाच्या ताटातले अनारसे गच्चीवर इकडेतिकडे अर्धवट खाऊन टाकलेले होते. डब्यात तळाशी एक होता, जाळी पडलेला, खमंग. मोडेल म्हणून मीच काढून ठेवलेला. तो ताटलीत ठेवला, शेजारी दिवा. मतदानाचं कार्ड लक्ष्मीच्या तसबिरीमागे होतं, ते कमरेला खोचलं. मागच्या दाराबाहेर रिकाम्या बाटल्या धावजीने येऊन न्याव्यात म्हणून भिंतीला लावून ठेवल्या होत्या, सगळ्या उभ्या. निऱ्या आवरून मी त्यांच्यामधून वाट काढली.

"चालली का?" हे खोलीतून म्हणाले. आवाजात झोप होती. "देवळातून सरळ ये. उपमा कर, काजू टाक. आज बाहेर कुठं थांबू नको. ऐकलं का?"

मी दिवा अजून ठेवलेला नव्हता. बोलता येत नव्हतं. मानही हलवली नाही. खोटी मान हलवली तरी मौन मोडतं. यांनी नेहमीप्रमाणे माझ्या गप्प राहण्याचा होकार घेतला आणि कूस बदलली.

देवळात दिवा ठेवला, नमस्कार केला. पुजाऱ्याने तीर्थ दिलं, ते घेतलं. आता बोलायला हरकत नव्हती. शाळेच्या बाजूने लाउडस्पीकरची खरखर येत होती, कोणी तरी टेबल ओढत होतं. ऊन अजून देवळाच्या पायरीवर आलं नव्हतं. ताटलीत आता एकटा अनारसा होता. त्यावर पदर घेतला आणि मी मैनाबाईच्या गल्लीकडे चालू लागले.